भेटींची यादी : कालिकत, १४९८

२९ मे १४९८. कालिकतच्या मुक्कामी वास्को द गामाने राजाला द्यायच्या भेटी मांडून ठेवल्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, किरमिजी रंगाच्या चार लोकरी कुंच्या, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायच्या सहा घंगाळांची एक पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. राजापुढे काहीही न्यायचे तर ते आधी त्याच्या कारभाऱ्याला दाखवायचे, असा तिथला रिवाज. कारभारी आला, सोबत बंदराचा मुसलमान अधिकारी आला, आणि यादी पाहून दोघेही हसू लागले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचे असेल तर सोने द्या, असे त्यांनी सांगितले. त्या वस्तू राजापर्यंत पोचल्याच नाहीत.

ही हकिकत गामाच्या ताफ्यातल्याच एकाने लिहिलेल्या रोजनिशीत आहे. बहुतेक वेळा ती गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. मला ती यादी फार मोलाची वाटते. पंधराव्या शतकात युरोपातली माणसे जीव धोक्यात घालून समुद्रपार का निघाली, ती काय शोधत होती, त्यांच्याजवळ काय होते आणि काय नव्हते, हे सगळे त्या आठ-नऊ वस्तूंमध्ये साठलेले आहे. गामा काही चुकून इकडे आलेला नव्हता. राजाच्या हुकमाने, राजाची पत्रे घेऊन, दहा महिने समुद्र कापून तो आला होता. मग एका राजाने दुसऱ्या राजाला मधाची दोन पिंपे आणि सहा टोप्या का पाठवाव्यात?

शाळेत शिकलेले कारण

आपल्याकडे या सफरीचे एक कारण पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले आहे : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतले, पूर्वेकडचा खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनासे झाले, म्हणून युरोपीयांनी जलमार्ग शोधला. वाक्य सुटसुटीत आहे, पण या प्रकरणाला ते लागू पडत नाही. मिरी कॉन्स्टॅन्टिनोपलवरून येत नव्हतीच. ती मलबारहून जिद्दा, तिथून लहान जहाजांनी सिनाईजवळचे तूर बंदर, पुढे उंटांवरून कैरो, नाईल नदीतून रोझेटा आणि शेवटी अलेक्झांड्रिया अशी जात असे. हा पूर्ण रस्ता टप्प्याटप्प्याने आणि जकातींसह गामाच्याच ताफ्यातल्या रोजनिशीत लिहिलेला आहे. तो इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या हाती होता आणि तुर्कांनी इजिप्त घेतले ते १५१७ साली, म्हणजे गामा कालिकतला येऊन गेल्यानंतर एकोणीस वर्षांनी. पोर्तुगीजांची समुद्रावरची आगेकूच तर १४१५ सालीच सुरू झाली होती.

युरोपला मिरी मिळत होती आणि व्हेनिसचे व्यापारी ती अलेक्झांड्रियाहून दरसाल आणत होते. प्रश्न होता तो वाटेत पैसा कोण कमावतो, याचा. मामलुक सुलतान जकात घेई, व्हेनिसकर नफा घेत आणि युरोपच्या पार पश्चिम टोकावरच्या देशाच्या वाट्याला फक्त महागडी मिरी येई.

पाठवणारे कोण होते

पोर्तुगाल तेव्हा जेमतेम दहा लाखांच्या आसपास वस्तीचा देश होता. जमीन पुष्कळ ठिकाणी खडकाळ, गहू पुरत नसे, तो मोरोक्कोतूनही आणावा लागे. घराण्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना तलवार, धर्मपीठ किंवा राजाची चाकरी एवढेच मार्ग असत. अशा धाकट्या सरदारपुत्रांना रणांगण हवे होते, कारण रणांगणावर किताब मिळत आणि किताबामागून उत्पन्न येई. १४१५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउटा जिंकले गेले ते याच भुकेतून. सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याच्या तांड्यांचे सेउटा हे एक टोक होते. शहर हाती आले आणि तांडे दुसऱ्या बंदरांकडे वळले. सोन्याचा माग काढायचा तर आफ्रिकेचा किनारा धरून खाली उतरायला हवे, हे तेव्हा कळले.

राजपुत्र एन्रिक हे काम चालवत होता. तो 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा प्रमुख होता आणि पंथाचा पैसा या मोहिमांत जात होता. पहिली मोठी कमाई सोन्याची झाली नाही, ती माणसांची झाली. ८ ऑगस्ट १४४४ रोजी दक्षिण पोर्तुगालच्या लागोस गावात २३५ आफ्रिकी बंदी उतरवले गेले आणि शेतात उभे करून त्यांची वाटणी झाली. बाप एका वाट्यात, मुले दुसऱ्या वाट्यात. एन्रिक घोड्यावर बसून पाहत होता आणि पाचवा हिस्सा त्याचा होता. प्रसंग नोंदवणारा झुरारा हा एन्रिकचा भक्त होता, तरी त्या रडण्याने आपल्याला रडू आले असे तो लिहितो आणि लगेच, त्यांचे आत्मे तरले, म्हणून समाधान मानतो. हे दोन्ही एकाच पानावर आहे. समुद्रपार गेलेल्या या माणसांमध्ये धर्म आणि फायदा वेगवेगळे काढता येत नाहीत, ते असे एकाच पानावर असतात.

अटलांटिक महासागरातल्या मादेइरा बेटावर ऊस लागला, त्यावर गुलाम राबू लागले. १४५७ साली आफ्रिकेच्या सोन्यातून पोर्तुगालने 'क्रुझादो' नावाचे नाणे पाडले. क्रुझादा म्हणजे धर्मयुद्ध. १४६९ साली राजाने गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, व्यापाराचा मक्ताच फेर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला दिला : वर्षाला दोन लाख रेइस (पोर्तुगीज नाणे) भरायचे आणि दरवर्षी शंभर लीग (अंतराचे जुने माप) नवा किनारा शोधायचा, पाच वर्षे. शोधाचे असे मोजमाप ठरवून दिलेले पाहिले की या 'साहसा'मागचा जमाखर्च स्पष्ट दिसतो. गोमिशच्या माणसांनी सोन्याचा किनारा गाठला आणि १४८२ साली तिथे राजाने सांव जोर्ज द मिना हा किल्ला बांधला. मिनाला कापड आणि पितळेची भांडी द्यायची आणि सोने घ्यायचे. मिना हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

१४८८ साली बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून परतला. त्याआधीच्या वर्षी निघालेला पेरु द कोव्हिल्यां जमिनीच्या मार्गाने कण्णूर, कालिकत आणि गोव्यापर्यंत येऊन गेला. त्याने कैरोहून राजाला वृत्तान्तही धाडला. त्यात कालिकतच्या बाजाराचे जे काही असेल ते ज्याच्या डोळ्यांखालून गेले असते, त्याने टोप्या आणि मधाची यादी केली नसती असे मला वाटते.

मग नऊ वर्षे गेली. कोलंबस १४९३ साली परतीच्या वाटेवर लिस्बनलाच उतरला, १४९४ साली तोर्देसियासला स्पेन आणि पोर्तुगालने कागदावर समुद्र वाटून घेतला आणि पुढच्या वर्षी राजा दुसरा जुआंव वारला. गादीवर आलेल्या मानुएलने भारताच्या मोहिमेचा विषय दरबारात काढला तेव्हा बहुतेक सरदार विरोधात गेले. एवढा लहान देश, एवढा लांबचा मुलूख, तो राखायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढचा इतिहास पाहता ते बोलणे भित्रेपणाचे नव्हते. मानुएलच्या डोक्यात मिरीबरोबर जेरुसलेमही होते. पूर्वेला कुठेतरी 'प्रेस्टर जॉन' नावाचा ख्रिस्ती राजा आहे, त्याच्याशी हात मिळवायचा, तांबड्या समुद्रावरून येणारा मामलुकांचा पैसा तोडायचा आणि मग इस्लामला मागून गाठायचे, असे ते गणित होते. मसाल्याचा व्यापार वळवणे हे त्याच्या लेखी युद्धाचेच काम होते.

याच मानुएलने डिसेंबर १४९६ मध्ये ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि १४९७ साली त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा केला. ज्यूंना घालवणे ही स्पेनच्या राजकन्येशी लग्नाची अट होती. आणि भर समुद्रात सूर्यावरून अक्षांश काढायला खलाशी जी कोष्टके वापरत होते ती अब्राहम झाकुटो या ज्यू ज्योतिर्विदाची होती. १४९६ सालीच ती पोर्तुगालमध्ये छापली गेली. त्यानंतर लवकरच झाकुटोला तो देश सोडावा लागला.

प्रमुख म्हणून नेमलेला गामा हा सिनेस गावचा, मधल्या फळीतल्या घराण्यातला. त्याला काय हवे होते ते त्याच्या बक्षिसांवरून कळते. परतल्यावर 'दोंम' ही उपाधी, वर्षाला तीन लाख रेइसची नेमणूक, 'हिंदी समुद्राचा अमीर-उल्-बहर' (आरमारप्रमुख) हा किताब आणि सिनेस गावची जहागीर देण्याचे वचन मिळाले. ते गाव सांतियागो या दुसऱ्या धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या ताब्यात होते आणि पंथाने ते शेवटपर्यंत सोडले नाही. ज्या माणसाने अर्धी पृथ्वी ओलांडली तो पुढची कित्येक वर्षे आपल्या जन्मगावाच्या वतनासाठी झगडत होता. आपल्याकडच्या कुठल्याही देशमुखाला हे कळले असते.

लिस्बनमध्ये आणखी एक गट होता, फ्लॉरेन्सच्या सावकारांचा. गुलाम, साखर, हुंड्या अशा सगळ्यात ते होते आणि व्हेनिसची मक्तेदारी मोडण्यात त्यांना रस होता. बार्तोलोमेओ मार्किओनी हा त्यातला मोठा. पुढच्या मोहिमेतल्या एका जहाजात त्याचे पैसे होते. आणि जहाजांवर होते साधे खलाशी आणि दहाबारा शिक्षा झालेले कैदी. अनोळखी किनाऱ्यावर पहिले पाऊल टाकायला कैद्याला उतरवायचे. मेला तर हानी नाही, आला तर शिक्षा माफ.

मिनाची शिदोरी

८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून चार जहाजे निघाली, त्यांत सुमारे १७० माणसे. सांव गाब्रिएलवर वास्को, सांव राफाएलवर भाऊ पावलु, बेरियोवर निकोलाव कोएल्यु, आणि एक सामानाचे जहाज. नव्वदहून जास्त दिवस जमीन दिसली नाही. नोव्हेंबरात टोकाला वळसा, नाताळाच्या दिवशी लागला म्हणून 'नाताळ' नाव पडलेला आफ्रिकेचा किनारा, मार्चात मोझांबिक. तिथून पुढे मात्र ते एका नांदत्या व्यापाराच्या जगात शिरले होते. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला एक गुजराती वाटाड्या मिळाला. २४ एप्रिलला शिड उभारले आणि तेवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसला. हा रस्ता त्या वाटाड्याला आणि त्याच्या बापजाद्यांना पाठ होता.

आता यादीकडे पाहावे. पट्ट्यापट्ट्यांचे ते कापड, 'लांबेल', उत्तर आफ्रिकेत विणले जाई आणि मिनाला सोन्याच्या बदल्यात खपे. घंगाळे हाही मिनाचाच माल. म्हणजे लिस्बनच्या कोठीवाल्यांनी गिनीच्या किनाऱ्यासाठी जो जिन्नस वर्षानुवर्षे बांधला होता, तोच याही वेळी बांधला. साठ वर्षांत त्यांना एकच समुद्रपारचा व्यापार माहीत झाला होता, त्यामुळे समुद्रापलीकडचे सगळेच मिनासारखे असेल असे त्यांनी धरले.

साखर मादेइराची अपूर्वाई. युरोपात ती सरदारांच्या घरची चैन होती. पण ज्या देशातून ऊस आणि 'शर्करा' हा शब्द दोन्ही पश्चिमेला गेले, तिथे साखरेची एक पेटी कोण विचारणार? तेल आणि मध यांचेही तेच. तरी यादीत दोन वस्तू बरोबर होत्या आणि त्या मला फार बोलक्या वाटतात : पोवळे आणि किरमिजी लोकर. भूमध्य समुद्रातल्या तांबड्या पोवळ्याला हिंदुस्थानात शतकानुशतके मागणी होती, आपल्या नवरत्नांत ते आहेच. पण आणल्या होत्या चारच माळा. किरमिजीच्याही चारच कुंच्या. माल ओळखीचा, पण प्रमाण खेड्यातल्या पाटलाला नजराणा द्यावा तेवढे.

सोने का नव्हते? कारण सोन्यासाठीच तर ते घराबाहेर पडले होते. आदल्या दिवशी, २८ मेच्या संध्याकाळी, हिरव्या मखमली बैठकीवर विडा खात बसलेल्या सामुतिरी राजाला (पोर्तुगीज त्याला झामोरिन म्हणत) गामाने सांगितले होते की आमचा राजा अलोट धनवान आहे, सोन्या-चांदीसाठी आम्ही आलो नाही, त्याची आमच्याकडे रेलचेल आहे. आम्ही ख्रिस्ती राजे शोधत साठ वर्षे जहाजे पाठवत आहोत. दुसऱ्या दिवशी यादी निघाली आणि ते बोलणे उघडे पडले.

३० मेला राजाने स्वतःच विचारले : फार श्रीमंत देशातून आलो म्हणतोस आणि रिकाम्या हाताने आलास? काय शोधायला आलास, दगड की माणसे? माणसे शोधायला आला असशील तर काही आणले का नाहीस? तुमच्या देशात काय माल होतो, असेही त्याने विचारले. गामा म्हणाला, धान्य, कापड, लोखंड, काशाच्या वस्तू. धान्याची टंचाई असलेल्या देशाचा वकील पहिला शब्द धान्याचा उच्चारतो, तेव्हा त्याची किती कोंडी झाली असेल याची कल्पना येते.

ज्या बाजारात ते उतरले

कालिकतला चांगले बंदरही नव्हते, उघडा किनारा होता. पावसाच्या तोंडावर सामुतिरीच्याच वाटाड्याने गामाची जहाजे पंथलायिनीच्या सुरक्षित जागी नेऊन लावली. एवढे असूनही चीनपासून कैरोपर्यंतचे व्यापारी इथे येत ते कशासाठी? मिरीसाठी, हे अर्धे उत्तर झाले. मिरी सगळ्याच मलबारात होती. कालिकतकडे पत होती. १४४२ साली हेरातहून वकील म्हणून आलेला अब्दुर रझ्झाक लिहितो की व्यापारी इथे माल रस्त्यावर उतरवून निर्धास्तपणे निघून जातात, सरकारी माणसे त्यावर रात्रंदिवस पहारा करतात, माल विकला तर चाळिसावा हिस्सा जकात आणि विकला नाही तर काहीच नाही. अडीच टक्के. चिनी ताफ्याबरोबर आलेल्या मा हुआनने नोंदवले आहे की दलाल हातात हात घेऊन सौदा ठरवतो आणि मग भाव चढो वा उतरो, कोणी फिरत नाही. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अरब आणि कैरोचे 'परदेशी' मुसलमान, स्थानिक मापिळा, गुजराती वाणी, तमिळ चेट्टी सगळे इथे नांदत. राजा हिंदू, त्याचे उत्पन्न जकातीवर, आणि कुठल्याही एका व्यापाऱ्याला हाकलण्यात त्याचा फायदा नव्हता. या बाजारात शिरायला दोनच गोष्टी लागत, खपणारा माल आणि रिवाज पाळण्याची तयारी.

सर्वांत आधी किनाऱ्यावर उतरवलेल्या कैद्याला ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले. त्यांना स्पॅनिश आणि इटालियन येत होते. अरे सैताना, इथे कसा मरायला आलास, असे पहिले वाक्य. काय शोधायला एवढ्या लांब आलात, या प्रश्नाचे उत्तर सगळ्या जगाला माहीत झाले : ख्रिस्ती आणि मसाले. मसाले होते. ख्रिस्तीही मलबारात होते, पण त्यांच्याशी गामाची गाठ पडली नाही. त्याऐवजी राजाकडे जाताना लागलेल्या एका देवळालाच चर्च समजून त्याने गुडघे टेकले. भिंतीवरच्या देवतांना तोंडाबाहेर आलेले दात आणि चारपाच हात आहेत, हे रोजनिशीकाराने टिपले आहे, पण मूळ समजूत सुटली नाही. ख्रिस्ती सापडायलाच हवे होते, म्हणून ते सापडले.

शर्ट विकणारे खलाशी

राजाने अट साधी घातली : माल उतरवा आणि जमेल तसा विका. माल उतरला. व्यापारी येऊन पाहून गेले, नावे ठेवून गेले. खलाशी दिसले की मुसलमान व्यापारी जमिनीवर थुंकून 'पोर्तुगाल, पोर्तुगाल' म्हणत. पोर्तुगीज लेखनात सगळे खापर या व्यापाऱ्यांच्या कारस्थानावर फोडलेले आहे. नवा गिऱ्हाईक त्यांना नको होता हे खरेच, मोझांबिक आणि मोंबासाला झालेल्या चकमकींच्या बातम्याही पोचल्या असतील. पण कारस्थान नसते तरी लांबेल कालिकतला खपले नसते. उत्तम मलमल आणि छापील कापडे जिथे ढिगाने निघतात, तिथे त्या जाड्याभरड्याला गिऱ्हाईक कुठून यावे?

मग एक गोष्ट घडली, ती मला या प्रकरणातली सर्वांत खरी वाटते. जहाजावरची माणसे पाळीपाळीने किनाऱ्यावर जाऊन स्वतःच्या अंगावरचे विकू लागली. कडी, कपडे, नवे शर्ट. पोर्तुगालमध्ये तीनशे रेइसला जाणारा तलम शर्ट इथे तीस रेइसला गेला. तरी मसाले इतके स्वस्त की त्यातूनही थोडी लवंग, थोडी दालचिनी, काही खडे पदरात पडले आणि लोक समाधानाने परतले. राजासाठी जेरुसलेम, सरदारासाठी वतन, सावकारासाठी टक्केवारी आणि खलाशाला मूठभर लवंग. या मोहिमेत कोणाला काय हवे होते, ते इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. ती मूठ जिवंत घरी नेली तर वर्षाच्या पगाराला भारी पडणार होती.

ऑगस्टात गामाने निघण्याची परवानगी मागितली. सामुतिरीने रिवाजाप्रमाणे जकात मागितली, सहाशे शेराफीन (तिथे चालणारे नाणे). गामाचे म्हणणे, आम्ही वकील, जकात कसली. किनाऱ्यावरची माणसे आणि माल अडकवला गेला, गामाने जहाजावर आलेल्या लोकांना ओलीस धरले. बहुतेक अदलाबदल झाली, काही मलबारी माणसांना मात्र तो घेऊनच निघाला. अडीच टक्क्यांचा रिवाज जिथे सर्वांना सारखा होता, तिथे तो न पाळणारे हे पहिले पाहुणे असावेत.

२९ ऑगस्टला जहाजे निघाली. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेआधी होड्या पाण्यात लोटत नाहीत, आणि आफ्रिकेकडे जायला तर उत्तर-पूर्वेचा वारा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. गामा थांबला नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याने डागडुजी केली. तिथे गोव्याहून आदिलशहाच्या चाकरीतला एक परदेशी ज्यू गोड बोलत आला. मारहाणीखाली तो कबूल झाला की हेरगिरीला आलो आहे. त्याला पकडून नेले, बाप्तिस्मा देऊन गास्पार द गामा नाव ठेवले, आणि मलबारच्या बाजारांबद्दल लिस्बनला पहिली विश्वासार्ह माहिती मिळाली ती याच्याकडून.

५ ऑक्टोबरला अंजदीव सोडले. जाताना तेवीस दिवसांचा समुद्र परतताना तीन महिने संपेना. वारा पडलेला, हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, अंग काळेनिळे. तीस माणसे या एका टप्प्यात गेली, तितकीच आधी गेली होती, आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगी सातआठ उरली. चालवायला हात नाहीत म्हणून सांव राफाएल वाटेत जाळून टाकले. पावलु द गामा अझोरेस बेटांवर वारला.

लिस्बनचा हिशेब

बेरियो १० जुलै १४९९ रोजी लिस्बनला लागले. त्याच महिन्यात फ्लॉरेन्सचा व्यापारी जिरोलामो सेर्निजी आपल्या लोकांना पत्र लिहून मोकळा झाला : काय माल, काय भाव, कोणते मार्ग. मानुएलने स्पेनच्या राजाराणीला लिहिले की मुसलमानांना श्रीमंत करणारा तो मोठा व्यापार आता आमच्या जहाजांकडे वळेल. व्हेनिसला १५०१ साली पक्की बातमी पोचली तेव्हा जिरोलामो प्रिउली याने रोजनिशीत लिहिले की मसाल्याशिवाय व्हेनिस म्हणजे दुधावाचून तान्हे मूल. पुढे तांबड्या समुद्राचा व्यापार शतकाच्या मध्यावर पुन्हा उभा राहिला आणि ती भीती पूर्ण खरी ठरली नाही, पण त्या क्षणी ती खरीच होती.

गामाने सोबत सामुतिरीचे पत्र आणले होते, ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लिहिलेले. तुमच्या घरचा सरदार वास्को द गामा माझ्या देशी आला, मला संतोष झाला. माझ्याकडे दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी आणि रत्ने आहेत. त्या बदल्यात मला सोने, चांदी, पोवळे आणि किरमिजी कापड हवे. एवढेच. यात शत्रुत्व नाही. हे मालाचे मागणीपत्र आहे, आणि लिस्बनची यादी कशी असायला हवी होती तेही त्यात लिहिलेले आहे.

लिस्बनने या पत्राचे दोन अर्थ काढले आणि दोन्हींवर काम केले. एक, चांगला माल आणि रोकड न्यायला हवी. दोन, रोकड सदैव कमीच पडणार, तेव्हा तोफा न्याव्यात. माझ्या मते दुसरा अर्थ धर्मवेडापेक्षा रिकाम्या पिशवीतून जास्त आला. धर्माने त्याला फक्त निःशंक केले. मार्च १५०० मध्ये पेद्रु आल्व्हारिश काब्राल तेरा जहाजे घेऊन निघाला. डिसेंबरात त्याने कालिकतला एक अरबी जहाज पकडले, संतापलेल्या जमावाने पोर्तुगीज वखार फोडली, पन्नासच्या वर माणसे मेली. काब्रालने बंदरातली दहा जहाजे घेऊन त्यांवरच्या लोकांना मारले आणि शहरावर तोफा डागल्या. १५०२ साली गामा स्वतः वीस जहाजे घेऊन परत आला. मक्केहून यात्रेकरू घेऊन येणारे 'मिरी' नावाचे जहाज त्याने बायकामुलांसकट जाळले आणि सामुतिरीला सांगितले की कालिकतमधल्या सर्व मुसलमानांना हाकल. ज्या राजाचे सारे बंदर सर्वांना दार उघडे ठेवण्यावर उभे होते त्याने नकार दिला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. परवान्याशिवाय समुद्रावर जहाज दिसले तर ते जप्त, हा 'कार्ताझ'चा कायदा आला. १५०८ च्या अखेरीस आपले दाभोळ बेचिराख झाले, १५१० साली गोवा गेला आणि इराणी घोड्यांच्या जकातीचे उत्पन्न पोर्तुगीजांकडे वळले. लिस्बनमध्ये जेरोनिमोस मठाचे दगड मिरीवरच्या वीसांश करातून चढत होते.

पण मिरी फुकट मिळाली नाही, हेही नोंदवायला हवे. तोफांनी कालिकत मोडता आले, वेलीवरून मिरी उतरवता आली नाही. ती डोंगरातले शेतकरी पिकवत आणि मोबदला मिळाल्याशिवाय खाली येत नसे. म्हणून पोर्तुगीजांनी कालिकतशी स्पर्धा असलेल्या कोचीनच्या राजाला धरले, १५०३ साली तिथे किल्ला बांधला, आणि १५०८ साली अँटवर्पला वखार काढून जर्मन सावकारांकडून तांबे आणि चांदी घ्यायला सुरुवात केली. दरसाल लिस्बनहून कोचीनला जाणाऱ्या जहाजांच्या तळाशी आता लांबेल आणि मध नव्हते. तांबे होते, चांदी होती, मिनाचे सोने होते, पोवळे आणि किरमिजी कापड होते. सामुतिरीच्या ताडपत्रातल्या चारही वस्तू पोचत होत्या, त्याच्या शत्रूच्या बंदरात.